आधी काम, मग पातं

आश्विनातली अष्टमी, शनिवार. मुळशी तालुक्यात ओळखीच्यांच्या शेतावर आज बारा जणांची एक दिवसाची कार्यशाळा आहे. विषय एकच: रानात मुक्कामाला जाताना कोणता चाकू न्यावा आणि तो निवडावा कसा. नऊ वर्षं मी हे शिकवते आहे. येणारा प्रत्येक जण "ताई, कोणता घेऊ?" असं विचारतो आणि मी दिवस मावळेपर्यंत उत्तर देत नाही. दिवसभर चाकू जिथे जिथे लागेल तिथे वहीत एक रेघ ओढायची, एवढंच सांगते. माझ्या स्वतःच्या वहीतही रेघा असतात.

पहाटे ४:४५

स्वयंपाकघरातल्या ओट्यावर जुन्या लुगड्याचं फडकं अंथरलं आहे आणि त्यावर सहा चाकू मांडले आहेत. सगळे पक्क्या पात्याचे, म्हणजे दुमडून मुठीत जाणारे नव्हेत. खिशातला दुमडता चाकू वाईट नसतो. पण त्याच्या सांध्यात चिखल, वाळू, भाजीचा रस अडकतो आणि जोर लावताना कुलूप सुटलं तर पातं थेट बोटांवर मिटतं. पक्क्या पात्याला सांधाच नसतो. बादलीत बुडवला, खळखळून धुतला, पुसला, की पुन्हा कामाला तयार.

सहातला माझा रोजचा चाकू स्वीडनमधल्या मोरा गावचा आहे. साधं पातं, जेमतेम चार इंच लांब, अडीच मिलिमीटर जाड, प्लॅस्टिक-रबराची मूठ. मुठीचा रंग भडक नारिंगी आहे आणि तो मी मुद्दाम निवडला. हिरव्या आणि मातकट रंगाच्या मुठी दुकानात शोभतात, पण गवतात एकदा पडल्या की तासभर सापडत नाहीत, आणि गवतात हरवलेल्या चाकूवर अनवाणी पाय पडू शकतो.

दुहेरी दगडावर पाणी शिंपडते. आधी खरखरीत बाजू, मग मऊ. पातं दगडावर उभं धरलं की नव्वद अंश, त्याच्या निम्म्यावर पंचेचाळीस, त्याच्याही निम्म्यावर साधारण बावीस. साध्या कामाच्या चाकूला तेवढा कोन पुरतो. नव्या माणसाला कोन सापडत नसेल तर मी धारेला मार्करची शाई फासायला सांगते. दोनदा घासलं की शाई कुठे गेली ते दिसतं, आणि दगड कुठे लागतोय हे डोळ्यांनीच कळतं. पलीकडच्या बाजूला नखाला बारीक कोर जाणवू लागली की बाजू बदलायची. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर दहा-बारा उलटे हात मारायचे.

वर्तमानपत्राचा कागद कुरकुर न करता उभा चिरला जातो. सहाही चाकू म्यानात घालते आणि स्वतःच्या वहीचं पहिलं पान उघडते.

सकाळी ६:१०

चाकूंचा डबा गाडीच्या डिकीत, सगळ्या सामानाच्या तळाशी. पुढच्या आसनाजवळ किंवा कमरेला चाकू ठेवून शहरातून मी कधीच जात नाही, आणि मुलांना याचं कारण नीट सांगते. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या २०१६ च्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गात येतात. घरकामासाठी आणि शेतीसाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली ठरावीक मुदतीसाठी सुऱ्या, काठ्या बाळगायला मनाई करणारे आदेश निघतात, बहुधा सणासुदीलाच. अवजार कामाच्या जागी असावं आणि रस्त्यात बांधलेलं असावं, हा नियम पाळला की अडचण येत नाही.

जंगलाचा कायदा याहून कडक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत चाकूचाही समावेश आहे आणि अभयारण्यात शस्त्र न्यायचं तर लेखी परवानगी लागते. भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना, ताम्हिणी ही सगळी अभयारण्यं आहेत. म्हणजे आपल्या नेहमीच्या भटकंतीतल्या कितीतरी वाटा यात आल्या. म्हणून माझ्या कार्यशाळा खासगी शेतावरच होतात. लाकूड वापरायचं ते मालकाच्या बांधावर वाळून पडलेलं; उभ्या झाडाला हात लावायचा नाही.

चांदणी चौक मागे पडतो. भाताच्या खाचरांवर धुकं बसलंय. शेतं पोपटी-पिवळी व्हायला लागली आहेत.

सकाळी ७:२०

पौडच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला लोहारमामांची भट्टी आहे. उद्या खंडेनवमी, त्यामुळे आज गर्दी. कुणी विळे आणलेत, कुणी कुदळी. पूजेला मांडायच्या आधी अवजाराला धार हवी, गंज उतरलेला हवा. भात्याची जागा विजेच्या पंख्याने घेतली आहे, बाकी ऐरण, घण आणि सांडशी तीच.

मी कोयता न्यायला आले आहे. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून तो काढलाय. या पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त असतो. ते घडतं, कडक होतं आणि धक्क्याला तुटत नाही, कारण खड्ड्याखड्ड्यांवर गाडी पेलण्यासाठीच ते बनवलेलं असतं.

"पाणी द्यायचं राहिलंय, ताई. बघून घ्या," मामा म्हणतात.

पातं निखाऱ्यात सरकवतात. काळपट लाल होतं. मी चुंबक पुढे करते, ते अजून चिकटतं. मामा हसून मान हलवतात. त्यांना चुंबक लागत नाही. सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या पुढे पोलादाला चुंबक धरत नाही. रंग त्याहून थोडा उजळून शेंदरी झाला की मामा पातं उचलतात आणि फक्त धारेची बाजू तेलात बुडवतात. नाव 'पाणी देणं' असलं तरी हे पोलाद ते तेलातच विझवतात. पाण्यात ते एकदम आकसून तडकू शकतं. धार कडक होते आणि पाठ मऊ राहते. घाव बसला की तो मऊ पाठ झेलते.

मग मामा धारेवरचा काळा थर घासून उजळ करतात आणि पातं निखाऱ्यांच्या वर हळूहळू तापवतात. उजळ भागावर रंग धावू लागतो: आधी पेंढ्यासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. पिवळा साधारण २२० अंशांना येतो, जांभळा २८० च्या आसपास. भाजीचा चाकू असता तर पिवळ्यावरच थांबले असते. धार जास्त दिवस टिकली असती. कोयत्याला बांबूचे घाव सोसायचेत, म्हणून जांभळ्यापर्यंत जाऊ देतात.

"फार कडक ठेवलं तर टवका उडंल. फार मऊ ठेवलं तर दुमडंल. तुम्हाला काय काम आहे त्याच्यावर आहे," मामा म्हणतात.

दिवसभर मी जे सांगणार आहे ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं. दुकानातल्या खोक्यावर ५६ ते ६० असा कठीणपणाचा आकडा छापलेला असतो. तो आकडा म्हणजे याच पिवळ्या-जांभळ्या रंगांचं मोजमाप. कानस फिरवते. धारेवर ती जेमतेम धरते, पाठीवर मात्र सहज चावते. पैसे देते आणि कोयता गोणपाटात गुंडाळते.

गेल्या काही वर्षांत पुण्यात कोयत्याचं नाव गुन्ह्यांच्या बातम्यांतच जास्त आलं. शहरातल्या मुलांनी हे अवजार आधी तिथेच पाहिलं, याचं मला वाईट वाटतं. मामांच्या ऐरणीपुढे उभं राहिलं की त्याचं मूळ काम आठवतं: नारळ सोलणं, कुंपणाची कवळं तोडणं, बांबू चिरणं, वाट मोकळी करणं.

सकाळी ९:००

बारा जण आंब्याखाली जमलेत. वह्या वाटते. पहिल्या पानावर प्रत्येकाने एकच ओळ लिहायची: चाकू कशासाठी हवा? कुणी लिहितं, "जंगली प्राणी." कुणी, "झाडं तोडायला." पाच जणांनी "आणीबाणी" लिहिलंय. त्यावर मी आत्ता काही बोलत नाही. पान दुमडून ठेवायला सांगते.

मग नियम. हात लांब करून स्वतःभोवती एक रिंगण फिरवायचं. त्या रिंगणात दुसरं कुणी असेल तर पातं म्यानातच. चाकू दुसऱ्याला द्यायचा तर मूठ त्याच्याकडे, आणि त्याने "घेतला" म्हणेपर्यंत सोडायचा नाही. बसून काम करताना दोन मांड्यांच्या मधे कधीही कापायचं नाही. मांडीच्या आतून मोठी रोहिणी जाते आणि ती कापली गेली तर रानातून दवाखान्यापर्यंतचा वेळ आपल्याकडे नसतो. गुडघ्याच्या बाहेर, शरीरापासून दूर कापायचं. मुठीवर पकड बसवताना अंगठा पात्याच्या वाटेत येऊ द्यायचा नाही.

सगळ्यांनी आपापले चाकू ताडपत्रीवर मांडले. हिंजवडीत काम करणाऱ्या एका तरुणाने मोठा चाकू आणलाय. पातं दहा इंचांचं, पाठीवर करवतीसारखे दात, पोकळ मूठ, मुठीच्या टोकाला होकायंत्र, आत काड्या आणि गळ. त्याने चार महिने पैसे साठवले आहेत. तो कौतुकाने दाखवतो आणि मी तो हातात घेऊन नीट बघते. असाच एक माझ्याकडेही होता. पहिल्याच पावसाळ्यात लाकूड फोडताना तो मुठीपाशी मोडला. पातं उडून माझ्या डाव्या तर्जनीला लागलं. तो व्रण मी त्याला दाखवते.

"का मोडला, ताई?"

"थोड्या वेळाने सांगते. दिवसभर हाच वापर आणि रेघा ओढ."

सकाळी १०:३०

आता हात आणि मूठ. बादलीत साबणाचं पाणी आहे. प्रत्येकाने हात बुडवायचे आणि ओल्या हातांनी पाच वेगवेगळ्या मुठी धरून बाभळीच्या वाळक्या काठीला टोक काढायचं. कोरड्या हातात सगळ्याच मुठी चांगल्या वाटतात. पावसात किंवा कोंबडी साफ करताना हात तेलकट, ओला झाला की खरं कळतं. एका देखण्या चाकूची मूठ गुळगुळीत शिसवीची आहे, तिसऱ्याच झटक्याला ती हातात फिरते. दुसऱ्याच्या मुठीला बोटांसाठी खाचा आहेत, पण त्या बनवणाऱ्याच्या बोटांच्या मापाच्या. एका मुलीचं करंगळीजवळचं बोट थेट उंचवट्यावर येतं. दहा मिनिटांत तिथे लाल होतं. मूठ साधी, किंचित फुगीर, चारही बोटं मावून थोडी उरेल इतकी लांब असावी. पातं सुरू होतं तिथे बोट पुढे घसरू न देणारा छोटा उंचवटा असावा. दुकानात गेलात तर पातं बघण्याआधी दोन मिनिटं नुसती मूठ धरून उभे राहा.

मग मुठीच्या आतलं. पातं मुठीत किती आत गेलंय? काही चाकूंत ते मुठीच्या शेवटापर्यंत सलग, मुठीच्याच रुंदीचं असतं आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या रिव्हेटने बसवलेल्या असतात. ही सगळ्यांत भक्कम रचना. काहींत शेपटीसारखी अरुंद पट्टी आत जाते; मूठ तिच्यावर नीट ओतलेली असेल तर तेही नेहमीच्या कामाला टिकतं, माझा मोऱ्याचा चाकू तसाच आहे. पोकळ मुठीत मात्र जेमतेम इंचभर पातं आत शिरलेलं असतं, बाकी जागा काड्या आणि गळ ठेवायला. घावाचा सगळा ताण त्या एका इंचावर येतो. माझा तिथेच मोडला.

तरुण काही न बोलता आपल्या मुठीचं झाकण उघडून आत डोकावतो.

पाठीबद्दलही बोलते. पाठ सपाट, नव्वद अंशांच्या कडेची असावी. तिच्यावर अंगठा टेकता येतो, लाकडी दांडक्याने ठोकता येतं, आणि त्याच कडेने फेरोच्या कांडीवर घासून ठिणगी पाडता येते. पाठीवर दात असले तर यातलं एकही काम होत नाही, आणि करवतीचं कामही होत नाही, कारण तेवढ्या जाड पात्याचे दात लाकडात अडकून बसतात. दोन्हीकडून धार असलेला चाकू तर मुक्कामाच्या सामानात नकोच.

दुपारी १२:४५

स्वयंपाक शेतावरच्या मावशींचा. त्यांचा नवरात्राचा उपवास आहे, त्यामुळे वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी, बाकीच्यांना पिठलं-भाकरी. मावशी विळीवर बसल्या की कांदे क्षणात संपतील, पण आज चिरायचं काम पाहुण्यांचं.

पात्याची जाडी इथे उघडी पडते. सहा मिलिमीटर जाडीचं पातं बटाट्यात शिरलं की काप पडत नाही, बटाटा पाचरीसारखा तडकतो. गाजर तर टणकन फुटून लांब उडतं. दोन-अडीच मिलिमीटरच्या पात्याने काकडीचे काप कागदासारखे पडतात. मोठा चाकू घेतलेला तरुण टोकाजवळ पातं धरून मिरची चिरायला बघतो. मी त्याला थांबवते आणि माझा नारिंगी मुठीचा देते. मुक्कामाच्या चाकूने सगळ्यांत जास्त वेळ आपण भाजीच चिरणार असतो, आणि तीन ते चार मिलिमीटरच्या पुढे गेलात की ती नीट चिरता येत नाही.

कांदा चिरताना एकाचं पातं करडं-निळं पडतं. तो घाबरतो. त्याच्या चाकूवर १०९५ लिहिलंय, म्हणजे जवळपास एक टक्का कार्बनचं साधं पोलाद. आम्ल लागलं की ते काळवंडतं आणि तो थर पुढच्या गंजाला थोडा आवरही घालतो. त्याला धार झरकन लागते, पण पावसाळ्यात एक रात्र ओलं राहिलं तर सकाळी तांबूस ठिपके दिसतात. शेजारच्या मुलीचा १२सी२७ चा आहे. त्यात क्रोमियम साडेतेरा टक्क्यांच्या आसपास, म्हणून तो गंजायला नाखूश. तिसऱ्याचा डी२ चा. त्यात कार्बन दीड टक्का आणि क्रोमियम बारा. धार खूप दिवस राहते, पण एकदा गेली की साध्या दगडावर परत आणायला घाम निघतो, आणि निष्काळजीपणा केला तर गंजतोही.

"मग चांगलं कोणतं?" मावशीच विचारतात.

सह्याद्रीत चार महिने कपडे वाळत नाहीत. पहिलाच चाकू घेणाऱ्याला मी गंज न धरणारं साधं पोलाद सुचवते, ज्याला घरच्या दगडावर धार लावता येईल. रोज पुसून तेल लावायची सवय ज्याला आहे त्याने कार्बनचं घ्यावं. धार स्वतःला परत आणता येत नसेल ते पोलाद कितीही महाग असलं तरी रानात दुसऱ्या दिवशी निरुपयोगी होतं.

जेवण होईपर्यंत माझ्या वहीत अन्नाखाली सत्तावीस रेघा झाल्यात.

दुपारी २:३०

बांबूच्या बेटाजवळ जातो. मालकाने तोडून ठेवलेल्या वाळक्या काठ्या आहेत. ताडपत्रीसाठी खुंट्या आणि मधला खांब करायचाय. इथे गोणपाट उलगडते आणि सकाळी पाणी दिलेला कोयता बाहेर काढते. चार इंचाच्या चाकूने जे अर्ध्या तासात होईल ते कोयत्याने चार घावांत होतं. वजन पुढच्या टोकाला असल्याने हाताला जोर लावावा लागत नाही, तो आपल्या भाराने पडतो. मावशींचे यजमान उभ्या काठीच्या डोक्यावर कोयता ठेवून, ओंडक्यावर आपटत तिचे सरळ दोन भाग करतात. कोकणात हाच कोयता कमरेच्या आकडीत लटकवून माणसं दिवसभर बागेत फिरतात. दोन्ही हात मोकळे राहतात आणि पातं पाठीमागे असतं.

दहा इंची चाकूचा तरुणही बांबूवर घाव घालून बघतो. चाकू लांब आहे पण पुढून हलका, त्यामुळे घाव बसत नाही, उसळतो. मी त्याला पुढे घाव घालू देत नाही.

एका मुलीच्या बोटाला खुंटी तासताना चरा पडतो. स्वच्छ पाण्याने धुतो, जाळीची पट्टी ठेवून दहा मिनिटं सलग दाबून धरायला सांगते. मधेमधे उचलून बघायचं नाही. हात हृदयाच्या वर. रक्त थांबतं. धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलं होतं ते विचारते. आठवत नाही म्हणते, तेव्हा संध्याकाळी घरी जाताना घ्यायचं ठरतं. तिच्या वहीत मी स्वतः लिहिते: खुंटी पायाशी धरली होती, ओंडक्यावर नाही.

दुपारी ४:१५

ताम्हिणीकडून ढग येतात आणि परतीचा पाऊस विजांसह कोसळतो. झाडाखाली कुणीही थांबायचं नाही, सगळे मालकाच्या पडवीत. वीस मिनिटांत सगळं जळण भिजतं. मला हाच धडा हवा होता. कधी पाऊस आला नाही तर मी बादलीने लाकूड भिजवते.

पाऊस ओसरल्यावर बाहेर येतो. मनगटाएवढं ओलं लाकूड हातात घेते. साल भिजलंय, गाभा कोरडा आहे. लाकूड पात्याच्या लांबीपेक्षा बारीकच निवडायचं, म्हणजे टोक पलीकडे बाहेर राहतं. धार माथ्यावर टेकवून पाठीवर दांडक्याने ठोकत जाते. लाकूड उभं दुभंगतं, मग चार भाग, मग बोटाएवढ्या ढलप्या. आतलं पांढरं लाकूड हाताला कोरडं लागतं. ढलपीवर पातं आडवं ठेवून, दाबून ओढत, कुरळ्या झिलप्या काढायच्या आणि त्या ढलपीला चिकटूनच ठेवायच्या. आठ-दहा झिलप्यांचा तुरा झाला की पाठीच्या कडेने फेरोची कांडी घासायची. तिसऱ्या ठिणगीला आधी वाळलेल्या काथ्याचा पिंजलेला गोळा पेटतो, मग तुरा.

एकेक जण करतो. सलग पात्याचे चाकू सहज निभावतात. तरुणाला मी पोकळ मुठीवर ठोकू देत नाही; तो माझा घेतो. झिलप्या तुटतात, पुन्हा काढतो, पुन्हा तुटतात. पाचव्या ढलपीवर तुरा जमतो. ओल्या रानात स्वतः पेटवलेल्या विस्तवाकडे बघताना त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी मी हे काम करते.

चहा त्याच विस्तवावर होतो. निघताना पाणी ओतून, राख हाताला गार लागेपर्यंत ढवळतो.

संध्याकाळी ६:१५

कंदिलाभोवती वह्या उघडतो. माझ्या रेघा मोजते: अन्न सत्तावीस, दोरी, चिकटपट्टी, पिशव्या सोळा, ढलप्या, झिलप्या आणि खुंट्या पंधरा, कोयत्याची कामं सहा. एकूण चौसष्ट. त्यातली अठ्ठावन्न कामं चार इंचाच्या एका पात्याने झाली. बाकीच्यांचेही आकडे थोड्याफार फरकाने असेच आहेत.

मग सकाळचं दुमडलेलं पान. "जंगली प्राणी" लिहिणाऱ्याने स्वतःहून खोडलं. बिबट्यासमोर चाकू काढण्याइतक्या अंतरावर जायचंच नसतं. त्यासाठी अंधारात घोळक्याने चालणं, दिवा आणि आवाज हवा. "झाडं तोडायला" लिहिणाऱ्याने पुढे लिहिलं: कोयता, आणि तोही मालकाच्या शेतात.

मोठ्या आणि बारीक कामाची ही वाटणी जुनीच आहे. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स 'नेसमुक' या नावाने लिहायचे. त्यांचं 'वुडक्राफ्ट' १८८४ साली आलं. घाव घालायला छोटी दुधारी कुऱ्हाड, कापायला पातळ पात्याचा चाकू आणि खिशात एक दुमडता, एवढीच धारदार वस्तूंची त्यांची शिदोरी. आपल्याकडच्या बागायतदाराच्या कमरेला कोयता आणि घरात विळी. इतक्या लांबच्या दोन मुलखांत माणसांनी मोठं आणि बारीक काम दोन पात्यांत वाटून घेतलं, कारण दोन्ही कामं एका पात्याला मागितली की ते दोन्हींकडे कमी पडतं.

आता मी उत्तर देते. पातं तुमच्या तळहाताच्या रुंदीएवढं, जाडी अडीच ते साडेतीन मिलिमीटर, एकाच बाजूला धार, सपाट पाठ. पातं मुठीत शेवटपर्यंत गेलेलं. मूठ ओल्या हातात न फिरणारी, डोळ्यांत भरणाऱ्या रंगाची. म्यान उलटं धरलं तरी चाकू पडू नये आणि त्यातून पाणी निथळावं. पोलाद असं, की रविवारी सकाळी घरी बसून त्याला धार लावता येईल.

तरुण विचारतो, "ताई, याचं काय करू?"

"घरी भिंतीवर ठेव. पैसे साठवून घेतलायस, जपून ठेव. रानात नेऊ नकोस."

तो वहीत माझ्या चाकूची लांबी पट्टीने मोजून लिहून घेतो.

रात्री ९:४०

घर. सहाही चाकू कोमट पाण्याने धुते, मुठीच्या सांध्यातली माती जुन्या दातघासणीने काढते, पुसून ओट्यावर ठेवते. कार्बनच्या दोन पात्यांवर बोटाने खोबरेल फिरवते. अन्नाला लागलं तरी चालतं. चामड्याच्या म्यानात चाकू वर्षभर ठेवायचा नसतो, चामडं दमटपणा धरून ठेवतं आणि आतून पातं खातं. म्हणून सगळे बाहेरच.

माळ्यावरून पाट काढते. त्यावर चाकू, दुहेरी दगड, कात्री, आजीची विळी, आणि एका कडेला मामांचा कोयता. उद्या यांना हळदकुंकू लागेल, झेंडूचं फूल लागेल, आणि पूजेला बसलेलं अवजार आमच्या घरी दिवसभर उचलत नाहीत.

म्हणजे उद्याच्या पुरणपोळीच्या स्वयंपाकाला जे चिरायचं ते आत्ताच चिरायला हवं. नारिंगी मुठीचा पाटावरून परत उचलते, कोथिंबीर आणि चार मिरच्या बारीक चिरते, धुते, पुसते, आणि जागेवर ठेवते. वहीत पासष्टावी रेघ.